मित्राच्या नावाने राइड काढणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की रविवारी सकाळी एकसारखे टी-शर्ट घातलेले दुचाकीस्वार शहराबाहेर पडताना दिसू लागतात. टी-शर्टवर गेलेल्या मित्राचा फोटो, खाली एखाद्या संस्थेचं नाव, आणि सोमवारी आपल्या अंकात झेंडा दाखवतानाचं छायाचित्र. अशा राइडची आखणी करणाऱ्यांपैकी आम्ही काही जण. यंदा ज्यांना पहिल्यांदाच अशी राइड काढायची आहे त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे. काटछाट करायची झाली तर टी-शर्टचा हिशोब तेवढा राहू द्या.

आमचं म्हणणं एकच आहे. त्या सकाळी गाडी चालवणं सोडून दुसरं एकही काम शिल्लक राहता कामा नये. वर्गणी, परवानगी, पेट्रोल, नाश्ता, भाषणं, सगळं आधी उरकलेलं हवं. सकाळी सहा वाजता एका हातात पावतीपुस्तक आणि दुसऱ्या हातात हेल्मेट घेऊन उभा असलेला आयोजक सूचना धड देत नाही, पैसेही धड मोजत नाही.

सुरुवात घरच्यांपासून करावी. नाव आणि फोटो वापरायला त्यांची हरकत नाही ना, हे तोंडी नाही, चार ओळी लिहून घ्यावं. तारखेचा घोळ हमखास होतो. मित्रमंडळी इंग्रजी तारीख धरतात, घरचे तिथी पाळतात, आणि वर्षश्राद्धाच्याच दिवशी दारात चाळीस बुलेट उभ्या राहतात. मित्र अपघातात गेला असेल तर विमा कंपनीविरुद्धचा दावा किंवा खटला चालू असण्याची शक्यता असते. मग चूक कोणाची होती याबद्दल बॅनरवर, भाषणात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अवाक्षर काढू नये. अपघात झाला त्या जागी थांबून हार घालायचा मोह आवरावा. महामार्गाच्या कडेला पन्नास माणसं उभी करणं म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी. नेमकी तारीख गाठायचा आग्रह नसेल तर नोव्हेंबरचा तिसरा रविवार बघावा. रस्ते अपघातात गेलेल्यांचा जागतिक स्मरणदिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली तो स्वीकारला. आपल्याकडे तेव्हा पाऊस सरलेला असतो, हवाही चांगली असते.

आता पैसे. पैसे कोणाच्याही वैयक्तिक क्यूआर कोडवर घेऊ नयेत, मग तो माणूस कितीही देवमाणूस असो. ज्या संस्थेला मदत द्यायची तिच्याच खात्यात देणगीदाराने थेट भरावेत. संस्थेकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असेल तर पावतीसाठी पॅन लागतो, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत नाहीच, त्यामुळे आवाहनात ‘करमुक्त’ असं ठोकून देऊ नये. संस्था मध्ये न घेता तुम्ही मित्रच लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल, तर गणेश मंडळं घेतात तीच धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१सीखालची परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज आठवडाभर आधी करून भागत नाही.

पुण्यात प्रत्येक मित्रमंडळात दोघे-तिघे अमेरिकेत असतातच. तिथे राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी. मग संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. ही चौकशी आवाहन पाठवण्याआधी करावी. आलेले पैसे परत पाठवणं फार कटकटीचं असतं.

निधी मित्राच्या पत्नीला किंवा मुलांना द्यायचा असेल तर आणखी एक खाच आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती सगळीच त्या व्यक्तीचं उत्पन्न धरली जाते, वरची तेवढी नाही. चाळीस जणांनी दोन-दोन हजार दिले की ८०,००० होतात, आणि सांत्वन म्हणून दिलेल्या पैशांवर विवरणपत्र भरताना वहिनींना उत्तर द्यावं लागतं. देण्याआधी सीएला विचारावं. दहा मिनिटांचं काम आहे.

टी-शर्टचा हिशोब असा. समजा ६० जण, प्रत्येकी ७०० रुपये शुल्क. टी-शर्ट ३००, नाश्ता-चहा २००, मदतगाडीचं भाडं आणि डिझेल १००, बॅनर आणि स्मृतिचिन्हं ७०. उरले माणशी ३०, म्हणजे ६० जणांचे १,८००. एवढ्या रकमेचा पुठ्ठ्याचा मोठा चेक करून फोटो काढायचा तर त्या पुठ्ठ्याचेही पैसे त्यातूनच जाणार. म्हणून शुल्क आणि देणगी सुरुवातीपासून वेगळी ठेवावी. राइडचा खर्च येणाऱ्यांनी उचलावा, देणगीला त्याचा स्पर्श होऊ नये. सिडनीत २०१२ साली सुरू झालेल्या ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ची पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक स्वार आपल्या ओळखीच्यांकडून आधीच ऑनलाइन निधी गोळा करतो, आणि त्या दिवशी जुन्या गाड्यांवर, नीट कपडे घालून नुसता फिरतो.

परवानगीच्या बाबतीत हद्द समजून घ्यावी. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस दलं आहेत. लोणावळ्याला जाणारी राइड तिन्हीतून जाते. (द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जायचं जुन्या महामार्गानेच. हे अजूनही सांगावं लागतं.) जिथून सुटायचं तिथलं पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखेचे उपायुक्त यांना किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा. त्यात मार्ग, वेळ, गाड्यांची संख्या, गाड्या लावायची जागा आणि दोन जबाबदार माणसांचे मोबाइल क्रमांक असावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नये. ‘साहेबांना सांगून ठेवलंय’ ही परवानगी नव्हे. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी घ्यावी लागते. खरं तर लाउडस्पीकर नकोच.

अर्जात किंवा पत्रकात ‘शर्यत’, ‘पहिला क्रमांक’, ‘ठरलेल्या वेळेत पोचणाऱ्यास बक्षीस’ असं काही लिहू नये. परवानगी तर मिळणार नाहीच. शिवाय दुचाकीच्या विमा पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याची चाचणी) वगळलेल्या असतात, हे पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडतं. उद्या दावा करायची वेळ आली तर तुमचंच पत्रक विमा कंपनीच्या हातात सापडायचं. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ अशी सही जरूर घ्यावी, पण त्या सहीने आयोजकांचा हलगर्जीपणा धुऊन निघत नाही.

मार्ग शंभर किलोमीटरच्या आतला हवा. शंभर सीसीची गाडी आणि मागे बसलेली बायको यांना झेपेल एवढाच. आम्ही बहुतेकदा सुचवतो तो कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, नारायणपूर, सासवड, पुणे असा फेरा. तो याच दिशेने करावा, उलटा नाही. उलटा केला तर शेवटी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा उतार लागतो. त्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक ब्रेक तापून सुटतात, हे पुणेकरांना सांगायला नको. दमलेले, घराच्या ओढीने निघालेले साठ दुचाकीस्वार दुपारी त्या ट्रकांच्या पुढे धरून देण्यात अर्थ नाही. सकाळी सातला निघालं तर तोच रस्ता चढणीचा असतो, गर्दीही कमी असते. कापूरहोळला वळायचं तेही डावीकडे, म्हणजे समोरची वाहतूक छेदावी लागत नाही. टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, पण डावीकडची दुचाकींची वाट अरुंद असते; तिथे एकामागे एक जायचं आणि नाका ओलांडल्या ओलांडल्या कोणी थांबायचं नाही. हद्द तिथे ग्रामीणची लागते, म्हणून अर्जाची प्रत राजगड आणि सासवड पोलीस ठाण्यांनाही द्यावी.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उघडावं. पौर्णिमा असेल, आणि त्यात दत्तजयंती असेल, तर नारायणपूरचा रस्ता विसरा. सोमवती अमावस्येला जेजुरीकडे जाणाऱ्या गाड्यांनी सासवडचा रस्ता भरलेला असतो. लग्नसराईत मंगल कार्यालयाचं पार्किंग नऊनंतर मिळत नाही. थंडीत उसाच्या ट्रॅक्टरना मागे दिवा नसतो, आणि सासवडच्या वाटेवर अंजीर-सीताफळाची पाटी दिसली की पुढची मोटार इंडिकेटर न देता थांबते. गटाच्या म्होरक्याला या दोन गोष्टी ठाऊक असल्या तरी पुष्कळ झालं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. साठ गाड्यांचा एकच ताफा कधीही काढू नये. फोटोला छान दिसतो, रस्त्यावर चालत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर दोन गाड्यांमध्ये २८ मीटर लागतात. साठ गाड्या एकामागे एक म्हणजे पावणेदोन किलोमीटरची रांग. ती एका सिग्नलमधून जात नाही, तिला एसटी ओलांडू शकत नाही, आणि म्होरक्याला शेपूट दिसत नाही. त्यापेक्षा आठ-आठचे गट करून तीन मिनिटांच्या अंतराने सोडावेत. आठवा गट पहिल्याच्या मागून एकवीस मिनिटांनी निघतो, बस्स. प्रत्येक गटाला पुढे लीड आणि शेवटी स्वीप. लीडच्या लगेच मागे नवखे आणि लहान इंजिनच्या गाड्या ठेवायच्या, सराईत लोक मागे. साडेसहाशे सीसीवाल्यांना हे रुचत नाही, पण वेग सर्वांत हळू गाडीने ठरवायचा असतो.

रबरासारखं ताणलं जाणं हा प्रकार समजून घेतला तर निम्मे अपघात टळतील असं आमचं मत आहे. गतिरोधक येतो. लीड तो ओलांडतो आणि पुन्हा ५० धरतो. आठवी गाडी अजून गतिरोधकाच्या अलीकडेच असते. ती तो ओलांडेपर्यंत लीड नेहमीच्या अंतरापेक्षा बराच पुढे गेलेला असतो, मग आठवा ७०-८० ने गाडी पिटाळतो, वळणावर समोर एकदम ब्रेकलाइट दिसतो आणि तो मातीत उतरतो. लीड मात्र शपथेवर सांगतो की मी पन्नासच्या वर गेलोच नाही. ते खरंही असतं. उपाय साधा आहे: गतिरोधक, गाव किंवा टोलनाका ओलांडल्यावर आरशात स्वीपचा हेडलाइट दिसेपर्यंत लीडने तीसच्या वर जायचं नाही.

महामार्गावर गाड्या तिरप्या ठेवायच्या, एक लेनच्या उजव्या बाजूला, पुढची डाव्या. घाटात आणि अरुंद रस्त्यावर एकेरी. ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतः बघून करायचा. पुढच्याने हात हलवून ‘ये ये’ करणं बंद, कारण त्याला मोकळा दिसलेला रस्ता मागचा येईपर्यंत मोकळा राहत नाही. वळणाच्या ठिकाणी लीडच्या मागची गाडी सुरक्षित जागी थांबते, हाताने दिशा दाखवते आणि आपल्या गटाचा स्वीप आला की त्याच्या पुढे येऊन मिसळते. एवढं केलं की कोणी हरवत नाही आणि चालत्या गाडीवर फोन बघायची गरज राहत नाही. मार्ग कागदावर छापून टाकीवर चिकटवावा. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं, आणि पट्टा लावलेलं. कायदा मागे बसणाऱ्यालाही आहे. या शहरात हेल्मेटवर वाद घालायची हौस मोठी, तो वाद दुसऱ्या रविवारी घालावा.

गाडीचं सर्व्हिसिंग आठवडाभर आधी करून त्यानंतर पन्नासेक किलोमीटर चालवावी. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून आणलेल्या गाड्याच रस्त्यात जास्त थांबतात: नवे ब्रेक शू बसलेले नसतात, ऑइलचा बोल्ट पाझरतो, क्लच केबल जास्त ओढलेली असते. कोरा टायरही पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो. हवा टायर थंड असताना तपासावी. आकडा आणि चेनचा ढिलेपणा दोन्ही गाडीवरच्या स्टिकरवर असतात. चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, बदललं असेल तर खाली बसून त्याची क्लिप बघावी. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. उलटी बसवलेली क्लिप कशाला तरी घासून निघते, चेन सुटते आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरावं. ड्रम ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचा ब्रेक खाली येईपर्यंत तापून मऊ झालेला असतो.

पेट्रोल आदल्या रात्री. साठ गाड्या, दोन नळ्या, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी एक तास जातो. नाश्त्याच्या हॉटेलवाल्याला संख्या आणि गटांच्या वेळा सांगून ठेवाव्यात. साठ मिसळी एकदम मागितल्या की पाव संपतो, आठ-आठ मागितल्या तर तो खूश असतो.

सगळ्यांच्या मागे एक छोटा हत्ती असावा. त्यात आठ फुटांची जाड फळी, चार रॅचेट पट्टे (गाडी ताणून बांधायचे), ट्यूबलेसचं पंक्चर किट, १७, १८ आणि १९ इंची ट्यूब, टायर लिव्हर, पंप, क्लच केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, प्रथमोपचाराची पेटी आणि पाणी. बंद पडलेली गाडी चढवताना एकाने हँडल धरायचं, दोघांनी मागून ढकलायचं, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवायचं. गाडी गिअरमध्ये आणि सरळ उभी, साइड स्टँडवर नाही. पुढचे दोन पट्टे हँडलच्या मुळाशी बांधून दोन्ही बाजूंना खाली ओढायचे, पुढचा शॉकअ‍ॅब निम्मा दबेपर्यंत. साइड स्टँडवर बांधलेली गाडी पहिल्याच खड्ड्यात कलंडते आणि टाकीला पोचा पडतो.

अपघात झालाच तर १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कोणी फोन करायचा हे प्रत्येक गटात आधी ठरलेलं हवं. नाहीतर आठही जण करतात किंवा एकही करत नाही. बाकीच्यांनी गाड्या रस्त्याखाली घ्यायच्या, एकाने मागे पन्नास-साठ पावलांवर जाऊन येणाऱ्या गाड्यांना सावध करायचं. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नये. श्वास चालू असेल तर काच वर करून, पट्टा सैल करून तसंच ठेवावं. श्वास थांबला असेल तरच काढायचं, तेही दोघांनी: एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हळूहळू सरकवायचं. मदत करणाऱ्या वाटसरूवर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं. हे थांबलेल्या माणसाला सांगितलं तर तो थांबून राहतो.

रक्तदान शिबिराला राइड जोडायची पद्धत पडली आहे. हेतू उत्तम, क्रम चुकीचा. ३५० मिली रक्त दिल्यावर चक्कर काही वेळाने, उभं राहिल्यावरही येऊ शकते. अशा माणसाला घाट उतरायला लावायचा नाही. शिबिर आधीच्या किंवा पुढच्या रविवारी ठेवावं. पुरुषांना तीन, स्त्रियांना चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येतं. आसपास गणपती किंवा कुठली जयंती असेल तर आपलेच दाते आधी देऊन बसलेले असतात. रक्तपेढीला हे विचारून तारीख घ्यावी.

श्रद्धांजलीसाठी इंजिनं बंद करून दोन मिनिटं उभं राहावं. सगळ्यांनी मिळून अ‍ॅक्सिलरेटर पिळायची ‘सलामी’ नको. फटाके मारणारे बदललेले सायलेन्सर तर नोंदणीच्या वेळीच नाकारावेत. गाडीला झेंडे बांधू नयेत, इंडिकेटर झाकला जातो.

पंधरा दिवसांत हिशोब एका पानावर मांडून सगळ्यांना पाठवावा: राइडचा जमाखर्च वेगळा, संस्थेला गेलेली रक्कम वेगळी, सोबत संस्थेच्या पत्राची प्रत. तीच प्रत एका पाकिटात घालून मित्राच्या घरी नेऊन द्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. नोंदणीच्या अर्जात घेतलेले रक्तगट, लायसन्सचे फोटो आणि घरच्यांचे क्रमांक त्याच दिवशी पुसून टाकावेत. पुढच्या वर्षी कोण गाडी चालवतंय, कोणाचा विमा चालू आहे, हे सगळं नव्यानेच विचारावं लागतं.

आपले,
राइड आखणारे काही दुचाकीस्वार, पुणे